इनडोअर लॉन्च मॉनिटरचे आकडे आणि खालची जमीन: चूक यंत्राची, फरशीची की मॅटची?

सातनंबरी

नमस्कार मंडळी. गॅरेजमध्ये गोल्फचा हिटिंग बे (स्क्रीनवर फटके मारायची जागा) उभारला आहे, पण त्यातले आकडे बाहेरच्या रेंजशी (मोकळ्या सराव मैदानाशी) जुळत नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

मांडणी अशी: लॉन्च मॉनिटर (बॉलचा वेग, कोन आणि फिरकी मोजणारं यंत्र) रडारचा, बॉलच्या मागे २.४ मीटरवर. बॉलपासून इम्पॅक्ट स्क्रीन ३ मीटर. जमीन काँक्रीटची. पाणी बाहेर जावं म्हणून तिला शटरकडे ढाळ दिलेला आहे आणि शटर रडारच्या बाजूला आहे, म्हणजे जमीन स्क्रीनकडून रडारकडे उतरत येते. काँक्रीटवर २० मिमी जाडीच्या, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या आणि त्यावर ३२ मिमी जाडीची हिटिंग मॅट. मॅट अरुंद असल्यामुळे पाय फोमवर राहतात, बॉल मॅटवर. रडार थेट काँक्रीटवर ठेवलेला आहे.

त्याच यंत्रावर, त्याच बॉलने (ठिपक्यांचे स्टिकर लावलेले), ७ आयर्नचे (मधल्या अंतराच्या क्लबचे) बाहेर गवतावरचे आकडे: लॉन्च अँगल (बॉल वर उडण्याचा कोन) १७ ते १८ अंश, बॅकस्पिन (उलटी फिरकी) मिनिटाला ६५०० फेऱ्यांच्या आसपास. आत: लॉन्च २० ते २१, स्पिन ५५००. बॉल स्पीड जवळपास सारखाच. शिवाय सगळे फटके २ ते ३ अंश डावीकडे निघालेले दिसतात (मी उजव्या हाताने खेळतो).

प्रश्न असे: जमिनीमुळे एवढा फरक पडू शकतो का? ढाळ काढायला पूर्ण जमीन समतल करून घ्यावी लागेल की नुसतं यंत्र उचलून चालेल? आणि फोम ठेवावा की काढावा?

पाणसळ

एवढा फरक सहज पडतो. पण जमिनीला हात लावण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करा, कारण त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. एक, यंत्र चुकीचं वाचतंय. दोन, यंत्र बरोबर वाचतंय, पण मॅटमुळे बॉलच वेगळा उडतोय. तुमच्या आकड्यांत मला दोन्ही दिसतात.

आधी यंत्राचं. मागे ठेवलेला रडार बॉलची दिशा आणि अंतर स्वतःच्या जागेवरून मोजतो. बॉल आपल्याच पातळीवरून सुटला, असं त्याने गृहीत धरलेलं असतं. तुमच्याकडे बॉल त्या पातळीवर नाही. मॅट ३२ अधिक फोम २० मिळून ५२ मिमी. ढाळ दर मीटरला १० मिमी धरला तर २.४ मीटरमध्ये आणखी २४ मिमी. म्हणजे बॉल रडारच्या बुडापेक्षा ७६ मिमी वर आहे. बाहेर बॉल शंभर मीटरपेक्षा जास्त दिसत राहतो, त्या अंतरात ७६ मिमी कुठेच जाणवत नाहीत. आत उड्डाण ३ मीटरचं. ३ मीटरला ७६ मिमी म्हणजे जवळजवळ दीड अंश. सगळी चूक लॉन्च अँगलवरच पडेल असं नाही, ते सॉफ्टवेअर कसं गणित करतं त्यावर आहे, पण वरची मर्यादा एवढी धरून चाला. छोट्या खोलीत पातळीची चूक मोठी होते ती या कारणाने. स्क्रीन जितकी जवळ, तितकी प्रत्येक मिलिमीटरची किंमत जास्त.

दुसरी गोष्ट झुकावाची. दर मीटरला १० मिमी ढाळ म्हणजे ०.५७ अंश, २० मिमी असेल तर १.१५ अंश. उतारावर ठेवलेल्या रडारचं तोंड तुमच्या बाबतीत वर होतं, आणि तोंड वर झालं की लॉन्च कमी वाचला जातो. पण यंत्रात गुरुत्वाच्या आधाराने झुकाव ओळखणारा सेन्सर असेल तर हा भाग ते स्वतः वजा करतं. उंचीचा फरक मात्र कुठलाच झुकाव-सेन्सर ओळखू शकत नाही. ॲपमध्ये ‘लेव्हल’ हिरवं दिसलं म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि नेमकी उंची राहून जाते.

आडवा झुकाव म्हणजे रडार डाव्या-उजव्या अंगाला कलणं. यात लॉन्चचा काही भाग दिशेत मिसळतो. २ अंश कललेल्या यंत्रावर १८ अंशांनी उडालेला सरळ बॉल ०.६ अंशाच्या आसपास बाजूला दिसेल. ३० अंशांनी उडालेला वेजचा (बॉल उंच उडवणाऱ्या आखूड क्लबचा) बॉल १.१ अंश. म्हणून फक्त वेजच एका बाजूला जाताना दिसत असतील आणि ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) सरळ, तर आधी आडवी पातळी बघा.

आता यंत्रावर विश्वास न ठेवता पडताळा कसा घ्यायचा ते सांगतो. हा पडताळा फुकटचा आहे आणि माझ्या मते प्रत्येक इनडोअर बेवर एकदा झालाच पाहिजे.

बॉलच्या मध्यापासून स्क्रीनपर्यंतचं आडवं अंतर टेपने मोजा. बॉलच्या मध्याची पातळी स्क्रीनवर आणा. लेझर लेव्हल असेल तर उत्तम, नाहीतर पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. तिथे आडवी रेघ मारा. बॉल आणि लक्ष्य यांच्या सरळ रेषेत स्क्रीनवर ओळंबा सोडून उभी रेघ मारा. बॉलला पुढच्या अंगाला खडूची पूड लावून फटका मारा आणि स्क्रीनवर उमटलेल्या ठशाची उंची मोजा. ३ मीटरवर ठसा ९७ सेमी वर असेल तर लॉन्च १७.९ अंश. या अंतरात गुरुत्वाने बॉल साधारण २ सेमी खाली येतो, बॅकस्पिनची उचल त्यातला बराच भाग भरून काढते, त्यामुळे आयर्नसाठी हे गणित पुरेसं अचूक आहे. ठसा वाचण्यात १ सेमी चूक झाली तरी कोनात फक्त ०.१७ अंशाचा फरक येतो. उभ्या रेघेपासून ठसा ५ सेमी बाजूला म्हणजे दिशा सुमारे १ अंश. फटका मारताना स्क्रीन मागे ताणली जाते, पण ठसा पहिल्या स्पर्शाला उमटतो, त्यामुळे ते सोडून द्या.

हाच पडताळा दोनदा घ्या. एकदा बॉल मॅटवर, एकदा छोट्या टीवर (बॉल उचलून धरणाऱ्या खुंटीवर). टीवर बॉल मॅटच्या वर १० ते १२ मिमी ठेवा, म्हणजे ७ आयर्न मॅटला न शिवता निघून जाईल. टीवरच्या फटक्यातही स्क्रीन आणि यंत्र यांच्यात फरक राहिला, तर तो मांडणीचा. टीवर आणि मॅटवर स्क्रीनचाच आकडा बदलला, तर तो मॅटचा.

वेज_छप्पन्न

पाणसळ यांच्याशी सहमत. मॅटच्या बाजूने भर घालतो.

तुमच्या आकड्यांत लॉन्च वर गेला आहे आणि स्पिन खाली. नुसता उंचीचा घोळ असता तर लॉन्च वर गेला असता, पण स्टिकर लावलेल्या बॉलवरचा मोजलेला स्पिन जागच्या जागी राहिला असता. (स्टिकर किंवा आरसीटी बॉल, म्हणजे रडारला फिरकी दिसावी म्हणून बनवलेला बॉल, न वापरता आतमध्ये रडार स्पिन बऱ्याचदा अंदाजाने काढतो, तेव्हा हा तर्क लागू होत नाही. तुम्ही ठिपके लावलेत हे चांगलं केलंत.) लॉन्च वर आणि स्पिन खाली ही जोडी एकत्र दिसली की संशय क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) आणि बॉल यांच्यातल्या घर्षणावर घ्यायचा. पकड कमी झाली की बॉल फेसवर घसरतो, कमी फिरतो आणि फेसच्या लॉफ्टच्या (मागे झुकलेल्या कोनाच्या) जास्त जवळच्या कोनाने निघतो.

आता घर्षण कशाने जातं? एक तर लांब धाग्याच्या मॅटमध्ये बॉल बुडतो आणि धागे फेस आणि बॉलच्या मध्ये येतात. उंच रफमध्ये (मैदानावरच्या लांब गवतात) जे होतं तेच. दुसरं कारण सहसा कुणी बघत नाही: क्लब उलटा करून सोल (क्लबचं बूड) आणि फेसवरचे खालचे दोन-तीन ग्रूव्ह (खाचा) निरखून बघा. स्वस्त नायलॉनच्या मॅटवर घासून घासून हिरवट, चिकट थर बसतो. घासण्याच्या उष्णतेने वितळलेलं ते प्लास्टिक असतं. नखाने खरवडलं तर बारीक सालीसारखं निघतं. हा थर ग्रूव्ह भरतो आणि वेजचा स्पिन सगळ्यात आधी पडतो. ओल्या फडक्याने आणि नायलॉनच्या ब्रशने दर पंधरा-वीस फटक्यांनी साफ करा आणि नंतर फेस पूर्ण कोरडा करा, कारण ओला फेस परत स्पिन खातो.

फॅट शॉटचं काय होतं तेही लक्षात घ्या. गवतावर क्लब बॉलच्या ३ सेमी मागे टेकला तर तो मातीत रुततो, वेग जातो आणि बॉल आखूड पडतो. कडक मॅटखाली काँक्रीट असेल तर सोल रुतूच शकत नाही, आपटून किंवा घसरून बॉलपर्यंत पोचतो. यंत्र दाखवतं: बॉल स्पीड ठीक, कॅरी (हवेतलं अंतर) ठीक. यात यंत्राची चूक काहीच नाही, बॉल खरोखर तसाच उडाला. पण हा आकडा गवतावर मिळणार नाही. म्हणून मॅटवरचा कॅरी बघून बॅगेतली अंतरं ठरवू नका. आधी स्ट्राइक कुठे होतोय ते बघा. मॅटवर फूट पावडरचा हलका फवारा मारा किंवा टाल्क भुरभुरा. सोलचा ओरखडा बॉलच्या आधी सुरू झाला की पुढे, हे लगेच दिसतं. ओरखडा बॉलच्या आधी सुरू झालेले फटके सरासरीतून काढून टाका. उरलेल्या आकड्यांत घर आणि मैदान यांच्यातलं अंतर बरंच कमी होईल.

मॅट निवडायची तर माझं मत स्पष्ट आहे. खाली दबणारी पट्टी घ्या: जेलवर बसवलेली, ब्रशसारख्या उभ्या धाग्यांची, किंवा आडवी सरकून डिव्हटची (फटक्याने उडणाऱ्या गवताच्या तुकड्याची) नक्कल करणारी. यात फॅट शॉट थोडा तरी वेग गमावतो, आकड्यात दिसतो, आणि मनगट-कोपरही वाचतं. मात्र पट्टी मऊ हवी म्हणजे तिच्याखालचा पाया मऊ असं नव्हे. पाया कडकच हवा. मऊपणा फक्त हिटिंग स्ट्रिपच्या आत असला पाहिजे.

कडेचा_कॅमेरा

रडारचं छान विवेचन झालं आहे. हा धागा पुढे कॅमेरावाले वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. तिथे जमिनीचा परिणाम वेगळ्या वाटेने येतो.

जीसीक्वाड, जीसी३, स्कायट्रॅक ही बॉलच्या बाजूला जमिनीवर बसणारी यंत्रं. ती बॉल सुटल्यावरच्या पहिल्या काही इंचांतच फोटो घेतात, त्यामुळे स्क्रीनपर्यंतच्या अंतराची त्यांना फारशी फिकीर नाही. पण बुडाची पातळी बॉलच्या पातळीशी जुळायलाच हवी. बॉल ३ सेमीच्या मॅटवर आणि यंत्र फरशीवर असेल तर बॉल कॅमेऱ्याच्या खिडकीत वर सरकतो, हाय लॉन्चचे फटके कडेने निसटतात, वेज नोंदलेच जात नाहीत. उपाय सोपा: मॅटच्या जाडीएवढी प्लायची चौकोनी फळी आणि वर ३ मिमीचं कडक रबर, त्यावर यंत्र. यंत्र टर्फच्या धाग्यांवर ठेवू नका. धागे एका बाजूला झोपतात आणि यंत्र हळूहळू त्या बाजूला कलतं. फोमवर तर अजिबात नको, गादीवर तराजू ठेवून वजन करण्यातला तो प्रकार आहे. सकाळी समतल केलेलं यंत्र तासाभरात एका कोपऱ्यात दबलेलं असतं.

झुकावाचा हिशोब: यंत्र लक्ष्याच्या दिशेने पुढे-मागे १ अंश कललं तर लॉन्चमध्ये तोच १ अंश येतो, कारण कॅमेऱ्याची आडवी रेघच फिरलेली असते. बॉलकडे किंवा बॉलपासून दूर कललं तर दिशा आणि स्पिन ॲक्सिस (बॉल ज्या आसाभोवती फिरतो तो) बिघडतो. स्पिन ॲक्सिस ५ अंश झुकला की बॉल दर १०० यार्डांमागे साधारण साडेतीन यार्ड वळतो, हा प्रचलित ठोकताळा. म्हणजे १ अंशाच्या चुकीने मोठं काही बिघडत नाही, पण दर फटक्याला तीच चूक त्याच बाजूला येते आणि आपण नसलेला ड्रॉ (डावीकडे वळणारा फटका) सुधारत बसतो.

आता जमिनीचा रंग आणि चकाकी. ही यंत्रं इन्फ्रारेड प्रकाशात बघतात. चकचकीत टाइल, पॉलिश केलेला दगड, वॉर्निश मारलेलं लाकूड हे बॉलच्या आसपास असेल तर यंत्राचाच प्रकाश परत फिरून येतो. बॉल ‘रेडी’ होतो (म्हणजे यंत्र त्याला ओळखतं), जातो, पुन्हा होतो. पांढऱ्या अलाइनमेंट रेघा, पांढरी टी, मॅटवरचा छापील लोगो यांना कधीकधी बॉल समजलं जातं. बॉलच्या भोवती निदान ३० सेमी गडद, मॅट फिनिशचा पृष्ठभाग ठेवा आणि टी काळी वापरा. खिडकीतून थेट ऊन मॅटवर पडत असेल तर पडदा लावा. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं.

क्लबचा डेटा घेण्यासाठी फेसवर चमकणारे ठिपके लावत असाल तर मॅटच्या धाग्याची उंचीही बघावी लागते. लांब धाग्यात फेसचा खालचा ठिपका झाकला जातो आणि बॉलचे आकडे येतात पण क्लबचे येत नाहीत. लोक ठिपके बदलत बसतात, कारण मात्र गवतात असतं.

छतावर बसणाऱ्या यंत्रांबद्दल थोडक्यात: कॅलिब्रेशन ज्या पृष्ठभागावर केलं, तोच त्यांचा शून्य. मॅट बदलली, खाली रबर घातलं, प्लॅटफॉर्म उचलला, तर पुन्हा कॅलिब्रेट करा. एवढं लक्षात ठेवलं की त्यांना खालच्या जमिनीचा त्रास सगळ्यात कमी होतो, कारण ती पायाखालच्या हादऱ्यापासून आणि सरकणाऱ्या मॅटपासून लांब असतात.

फळी_रंधा

जमीन कशी तयार करायची ते सुताराच्या अंगाने सांगतो.

पूर्ण गॅरेज समतल करायच्या भानगडीत पडू नका. ढाळ पाण्यासाठी आहे, तो राहू द्या. बॉल, तुमचे दोन्ही पाय आणि यंत्र एवढ्यांचीच पातळी जुळवायची आहे. सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंडची ही जागा नव्हे. ते काही मिलिमीटरचे खड्डे-उंचवटे भरायला चांगलं. तुमच्यासारख्या २४ मिमीच्या उतारावर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला कागदासारखं पातळ ओतावं लागेल, आणि ते पातळ टोकच आधी सुटतं.

आधी मोजणी. २ मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी आणि तिच्यावर ०.१ अंश दाखवणारा डिजिटल अँगल गेज. दर ५० सेमीवर दोन्ही दिशांनी वाचन घ्या आणि खडूने जमिनीवरच लिहा. मग ओलाव्याची परीक्षा: ६० सेमी चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. खालून थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडलं तर लाकडाखाली जाड प्लास्टिकचा पडदा घातल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर प्लाय फुगेल आणि केलेली पातळी दोन महिन्यांत जाईल.

प्लॅटफॉर्मचा सांगाडा: उताराच्या मापाने निमुळत्या कापलेल्या लाकडी रिपा, ३० सेमीच्या अंतराने, उताराच्या दिशेत. रिपांच्या खाली ३ ते ५ मिमी रबराची पट्टी, म्हणजे खटखट वाजणार नाही आणि सरकणारही नाही. वर १८ मिमी प्लायचे दोन थर, पहिल्याचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. स्क्रू १५ ते २० सेमीवर, डोकी आत बुडवलेली. ज्या चौकोनात क्लब टेकणार त्याच्या खाली रिपांचं अंतर अर्धं करा किंवा पोकळी पूर्ण भरून काढा. पोकळ राहिलं तर तिथे ड्रमसारखा आवाज येतो आणि प्लाय लवतो. प्लाय लवला की बॉल बसल्या जागी हलतो आणि कॅमेरा त्याला सोडून देतो.

त्यावर १० मिमी जास्त घनतेचं रबर. फोम काढाच. फोमवर टाच दबते, तीही दर फटक्याला वेगळी. वर स्टान्स मॅट (उभं राहायची मॅट) आणि तिच्या खाचेत हिटिंग स्ट्रिप अशी बसवा की सरळ पट्टी आडवी ठेवल्यावर दोन्हींत २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसू नये. स्ट्रिप वापराने खाली बसते, तेव्हा तिच्याखाली पातळ रबराचा तुकडा सारून पातळी परत आणता येते. खाच कापताना ही जागा ठेवा.

तुमचे फटके डावीकडे जातात त्याचं कारण मला इथेच दिसतं. पाय फोमवर, बॉल ३२ मिमी वर. ७ आयर्न साधारण ९४ सेमी लांब, लाय (शाफ्टचा म्हणजे दांड्याचा जमिनीशी कोन) ६२ अंश धरा. हाताची उंची तीच ठेवली आणि बॉल ३२ मिमी वर आला तर शाफ्ट ५८ अंशांवर येतो, टो (क्लबचं पुढचं टोक) वर उठते आणि फेस डावीकडे बघतो. ३३ अंशांच्या लॉफ्टला ४ अंश लायचा फरक म्हणजे दिशेत अडीच अंश. शरीर नकळत थोडं वर उठून काही भाग भरून काढतं, पण सगळा नाही. म्हणजे डावीकडचा आकडा बहुतेक खरा आहे, यंत्राचा नाही. स्क्रीनवरची उभी रेघ ते सांगेलच.

शेवटचं: यंत्राची बैठक प्लॅटफॉर्मला जोडू नका. त्याच उंचीची, पण स्वतंत्र, थेट काँक्रीटवर टेकलेली करा. प्लॅटफॉर्मला बसणारा प्रत्येक हादरा यंत्राला मिळत राहिला तर ते हळूहळू फिरतं. १ अंश फिरलं की १५० यार्डांवर दिशेत अडीच यार्डांपेक्षा थोडा जास्त फरक. आणि प्लॅटफॉर्म जेवढा उचलाल तेवढी छताची उंची जाते, तेव्हा कापाकापी करण्याआधी ड्रायव्हरचा पूर्ण स्विंग त्या उंचीच्या तात्पुरत्या फळीवर सावकाश करून बघा.

माळ्यावरचा_टी

उपप्रश्न: लाकडी तुळयांवर टाकलेल्या फळ्यांची जमीन असेल तर हेच लागू होतं का? माझा बे वरच्या मजल्यावर आहे. कॅमेरा बाजूला आहे आणि चालताना बॉल ‘रेडी’तून बाहेर जातो.

फळी_रंधा

पातळीचं सगळं लागू होतं, हादऱ्याचं जास्त. तुळई दोन टोकांवर टेकलेली असते आणि मधे लवते. बॉल आणि यंत्र दोन्ही भिंतीजवळच्या भागात, तुळयांच्या टोकांकडे घ्या, आणि शक्य असेल तर दोन्ही एकाच तुळईवर येतील असं करा. वेगवेगळ्या तुळयांवर असतील तर एक खाली जाते तेव्हा दुसरी जात नाही आणि कॅमेऱ्याला बॉल हललेला दिसतो. वर १८ मिमी प्लायचा थर तुळयांना आडवा टाकून स्क्रूने घट्ट केला तर वजन चार-पाच तुळयांवर वाटलं जातं. छतावरून टांगलेलं यंत्र अशा जागी विचारपूर्वक घ्या, वरचं छतही हलत असेल तर तोच प्रश्न डोक्यावर जातो.

सातनंबरी

सर्वांचे मनापासून आभार. मोजणी केली. ढाळ अगदी दर मीटरला १० मिमी निघाला. खडूचे ठसेही घेतले. टीवरचे चांगले फटके: स्क्रीनप्रमाणे लॉन्च १७.९, रडारवर १९.२. स्पिन ६४००. मॅटवर: स्क्रीनप्रमाणे १९.२, रडारवर २०.५, स्पिन ५५००. दिशा दोन्हीकडे स्क्रीनवरही डावीकडेच, टीवर किंचित जास्त. क्लबच्या सोलवर तो हिरवा थर सापडला.

आता प्लॅटफॉर्म होईपर्यंत तात्पुरतं काय करू?

पाणसळ

आकडे स्वच्छ आले आहेत. रडार दोन्ही वेळेला १.३ अंश जास्त वाचतोय. ७६ मिमीची उंची ३ मीटरवर, १८ अंशांच्या लॉन्चला, बरोबर एवढाच फरक देते. म्हणजे हा भाग पूर्णपणे उंचीचा. उरलेला १.३ अंश आणि ९०० चा स्पिन मॅटचा. डावीकडची दिशा स्क्रीनवरही तशीच उमटते, म्हणून ती तुमच्या पायाखालच्या फरकाची. टीवर बॉल आणखी १० मिमी वर गेला, त्यामुळे ती वाढली हेही जुळतं.

आज करायचं ते असं. फोम काढून टाका. पायाखाली मॅटच्याच जाडीचा, ३२ मिमीचा कडक थर करा: १८ मिमी आणि १२ मिमी प्लाय, वर २ मिमी रबर. पाय आणि बॉल एका पातळीत आले. बॉल आता काँक्रीटपासून ३२ मिमीवर आणि ढाळामुळे रडारच्या जागेपेक्षा ५६ मिमी वर आहे. रडारखाली ५६ मिमीची पक्की बैठक द्या: १८ मिमीचे तीन प्लाय आणि २ मिमी रबर. बैठकीचा वरचा पृष्ठभाग पाचर सारून दोन्ही दिशांनी ०.१ अंशाच्या आत आणा. ॲपमध्ये बॉलच्या उंचीचा फरक टाकायची सोय असेल तर आता तो शून्य ठेवा, नाहीतर एकच चूक दोनदा वजा होईल. बॉल ते रडार अंतर टेपने पुन्हा मोजून ॲपमध्ये भरा.

मग टीवरची ठशांची परीक्षा पुन्हा घ्या. स्क्रीन आणि रडार अर्ध्या अंशाच्या आत आले की मांडणीचं काम झालं. तिथे थांबा. ०.१ च्या मागे लागू नका, ठसा मोजण्याची अचूकताच तेवढी नाही.

रडारच्या आणि बॉलच्या मध्ये, आणि बॉलपासून स्क्रीनपर्यंत, जमिनीवर धातूचं काही ठेवू नका. जाळी, पत्रा, वजनं, क्लबचा स्टँड सगळं बाजूला. तिथून येणारं परावर्तन छोट्या उड्डाणात त्रास देतं. फिरता पंखा रडारच्या समोर नको.

वेज_छप्पन्न

मॅटच्या भागासाठी: सोल आणि ग्रूव्ह साफ करून तीच चाचणी मॅटवर घ्या. स्पिन ६००० च्या वर आला तर दोष बराचसा त्या थराचा होता. नाही आला तर धागा लांब आहे. बॉल ठेवून बाजूने जमिनीलगत डोळा नेऊन बघा. बॉलचा खालचा पाचवा भाग धाग्यात बुडालेला दिसत असेल तर ती पट्टी बदला. आखूड, दाट धाग्याची घ्या.

नवी पट्टी बसवल्यावर तिच्या धाग्याचा कल बघून घ्या. हात फिरवला की एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत लागतं. कल लक्ष्याच्या दिशेला असेल तर क्लब सरळ घसरतो, उलट असेल तर धागे फेसवर उभे राहतात. कुठल्या बाजूने बसवली ते मागे लिहून ठेवा. बॉलच्या जागी धागे सपाट होऊन टक्कल पडू लागलं की बॉलची जागा ५ सेमी पुढे-मागे सरकवा आणि प्रत्येक वेळी रडारचं अंतर ॲपमध्ये बदला.

फळी_रंधा

रडारची बैठक पक्की झाली की तिच्या चारही कोपऱ्यांभोवती काँक्रीटवर रंगाने कोन आखा, मॅटच्या पुढच्या कडेलाही एक रेघ मारा. मॅट दर फटक्याला थोडी पुढे ढकलली जाते आणि ते डोळ्याला दिसत नाही. रेघेपासून १ सेमी हलली की मागे ओढा. मॅटखाली जाळीदार रबर घातलं तर हलणं बरंच थांबतं, पण त्याची जाडी हिशोबात धरा.